मेस्त्रींचं पॅकिंग

कोल्हापुरात आजारी माणसाला डॉक्टर शोधावा लागतो. बिघडलेल्या मशीनला मात्र डॉक्टर आपणहून येतात, आणि एकटे येत नाहीत. रस्त्याकडेला मोपेड उभी करून नुसता प्लग काढायचा. पहिला येणारा-जाणारा स्वतःची गाडी स्टँडला लावून शेजारी उकिडवा बसतो आणि म्हणतो, "काय झालंय पावणं?" उत्तरासाठी तो थांबत नाही, कारण त्याला ते आधीच माहीत असतं. आमच्या गल्लीत तर घरटी एक माणूस फौंड्रीत नाहीतर लेथवर होता, आणि जे नव्हते ते आपण तिथं असतो तर उद्यमनगरातल्या कारखान्यांचं भलं झालं असतं अशा समजुतीत होते.

माझे वडील लेथवर तीस वर्षं होते. सगळी गल्ली त्यांना मेस्त्री म्हणायची. घरात त्यांचे दोन नियम होते. पहिला, घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर जाणार नाही. दुसरा, काम झालं की मशीन तिथंच उघडायची, पुसायची आणि मगच झाकायची. घाण मशीन झाकून ठेवणं म्हणजे उष्टं ताट फडताळात ठेवणं, असं ते म्हणायचे.

पहिल्या नियमामुळे आमच्या घरातल्या वस्तूंना स्वभाव आले होते. मिक्सर झाकणावर गुडघा दिल्याशिवाय फिरत नसे. पंख्याला काठीनं पहिला ढोस द्यावा लागे. रेडिओ पालथा घातला की बातम्या देई, सरळ ठेवला की रुसे. आईनं एकदा हळूच मिक्सर पिशवीत घालून चौकातल्या दुकानात न्यायचं धाडस केलं होतं. वडिलांना कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवताना चटणीला शिवले नाहीत.

या सगळ्या दुरुस्त्यांत माझं काम एकच होतं, बॅटरी धरणं. भर दुपारी उन्हात बसलो तरी बॅटरी लागायचीच, कारण भोकाच्या आत सूर्य जात नाही असं वडिलांचं म्हणणं होतं. मी लहानपणी बॅटरी धरली, कॉलेजात असताना धरली, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो, लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी बॅटरी माझ्याच हातात होती. स्क्रू ड्रायव्हर मात्र त्यांनी मला कधी दिला नाही. एकदा मी नुसता उचलला तर म्हणाले, "ठेव. पेन न्हवं त्ये."

ही गोष्ट नव्वदचं दशक संपता संपताची. वडिलांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी लेथ आली आणि पाठोपाठ वडील घरी आले. निरोपाला नारळ मिळाला, शाल मिळाली. साहेबानं भाषणात त्यांना कारखान्याचा कणा म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची लेथ मोडीत निघाली. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता ते कारखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसत आणि ती नवी मशीन बंद पडल्याची बातमी येते का याची वाट बघत. ती काही बंद पडली नाही. आम्हीही घरात तो विषय काढत नव्हतो.

अशात आमच्या परसातलं जांभूळ कललं.

झाड आमचं, पण कललं ते शेजारच्या अक्कांच्या घरावर. अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. नवरा गेल्यावर त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून विकायला सुरुवात केली आणि त्यावर घर उभं ठेवलं. त्यांची चूल मागच्या पत्र्याखाली होती आणि जांभळाचा सगळा भार बरोब्बर त्या पत्र्याच्या डोक्यावर आला होता. बुंध्याला मनगट जाईल एवढी चीर पडली होती. पावसाला महिना होता. कोडोलीचा एक लाकूडतोड्या कुऱ्हाड आणि दोर घेऊन आला, झाडाभोवती फिरला आणि म्हणाला, "पाऊस लागला की ह्ये बसणार खाली. आज म्हनशीला तर आज पाडतो."

वडिलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरात मशीन असताना कुऱ्हाड? पाच वर्षांपूर्वी एक लाकडाची वखार बंद पडली तेव्हा मालकानं आठवण म्हणून वडिलांना पेट्रोलवर चालणारी एक परदेशी करवत दिली होती. तेव्हापासून ती माळ्यावर पोत्यात झोपली होती. "झाड आमचं हाय, आमीच पाडणार," वडील म्हणाले. "अक्का, शब्द देतो. पावसाच्या आत तुमचा पत्रा मोकळा."

"अण्णा, तुम्ही म्हटला की झालं की," अक्का म्हणाल्या आणि लाकूडतोड्याला त्यांनी भाकरी-चटणी बांधून देऊन वाटेला लावलं. त्या वडिलांना अण्णा म्हणत आणि अण्णांचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ.

करवत खाली काढली, पुसली, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकीत घातलं. दोरी ओढली. काही नाही. वडिलांनी चाळीसदा ओढली, मग गल्लीतल्या चौघांनी. कार्बोरेटरच्या तोंडात थेट दोन थेंब पेट्रोल सोडलं की ती भुर्र करून तीन सेकंद बोलायची आणि मरायची. "जीव हाय तिच्यात," वडील खुशीत म्हणाले. "कार्बोरेटर उपासमार करालाय तिची."

दुसऱ्या दिवशी कार्बोरेटर आईच्या परातीत उतरला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, ॲल्युमिनियमचा ठोकळा. वडिलांनी खालच्या झाकणाचे चार स्क्रू काढले, मी बॅटरी धरली. झाकणाखालून एक काळी, पातळ, वाळून पापडासारखी कडक झालेली चकती निघाली. मधोमध तिला धातूची टिकली होती.

"पॅकिंग मेलंय," वडील म्हणाले.

आता इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. धातूच्या दोन भागांमध्ये जे काही पातळ सापडतं त्याला आम्ही पॅकिंग म्हणतो, आणि पॅकिंग आम्ही कधी विकत आणत नाही. पॅकिंगचा कागद घ्यायचा, झाकणावर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीनं कडेकडेनं टकटक करत जायचं. धारेवर कागद आपोआप कापला जातो. वडिलांचा या कामात हात असा होता की बघणाऱ्यानं बघत राहावं. दहा मिनिटांत त्यांनी चार भोकांसकट नवं पॅकिंग पाडलं, केसाचाही फरक नाही. जुनी चकती त्यांनी मागे भिरकावली आणि संध्याकाळी आईनं ती केरात भरून टाकली. "त्या टिकलीचं काय?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, "कंपनीवाल्यांची हौस असती." मी बॅटरी खाली घेतली.

करवत पुन्हा तीन सेकंद बोलली आणि मेली.

मग गल्ली जमली. शेजारी आले, समोरचे आले, तालमीतली पोरं अंगाला माती असतानाच आली. पहिल्यानं परातीत डोकावून बघितलं आणि सगळ्यांच्या मनातलं बोलला, "मेस्त्री, ह्याचा फ्लोट कुटं हाय?"

स्कूटर, मोपेड, मोटारसायकल, आम्ही आयुष्यात जेवढे कार्बोरेटर उघडले त्या प्रत्येकात खाली पेट्रोलची वाटी होती आणि वाटीत तरंगणारा फ्लोट होता. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येऊन रस्ता बंद करतो, कमी झालं की खाली जाऊन उघडतो. इथं वाटी नव्हती, फ्लोट नव्हता.

"काडून न्हेला असणार कुनीतरी."

"वखारीतल्या गड्यांचं काम."

"देतानाच बिनफ्लोटाची दिली मेस्त्री तुमास्नी! गंडवलं!"

वखारीच्या त्या बिचाऱ्या मालकाला आमच्या गल्लीनं अर्ध्या तासात चोर ठरवलं. वडिलांनी त्याच दिवशी ओळखीच्या लेथवर जाऊन पितळेचा फ्लोट करून आणला. आतून पोकळ, सुपारीएवढा, पाण्यात टाकला की झकास तरंगणारा. गल्लीनं तो हातोहात फिरवला, वाहवा केली. एवढं सुंदर काम पुन्हा होणार नाही असं सगळ्यांचं एकमत झालं. फक्त तो बसवायचा कुठं हे कुणाला कळेना. मधल्या आळीतल्या एका रिटायर गृहस्थांनी करवतीला मोपेडचा अख्खा कार्बोरेटर तारेनं बांधायचा सल्ला दिला. उंटावरच्या शहाण्यांना आमच्याकडे कधीच तोटा नव्हता.

दिवस असे चालले होते आणि झाड रोज थोडं थोडं खाली येत होतं. एका संध्याकाळी जोराचं वारं सुटलं आणि जांभळाची एक फांदी पत्र्यावर आपटली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी चूल उचलून पुढच्या सोप्यात मांडली. सोप्यात धूर कोंडायचा. त्या डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या आणि वडील समोरून गेले की पदर सारखा करून हसायच्या. कोडोलीवाला पुन्हा येऊन गेला. मृग लागला की पेरणीला जाणार, मग मोकळा नाही, म्हणाला. अक्कांनी त्याला पुन्हा परत पाठवलं. "अण्णांनी शब्द दिलाय न्हवं?" म्हणाल्या.

तो शब्द वडिलांच्या गळ्याशी आला होता. ते रात्री नीट जेवत नव्हते. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा स्वतःचा रागही आला. वडिलांची दया करायची सवय नव्हती मला.

त्याच आठवड्यात कचेरीनं मला गगनबावड्याला पाठवलं. काम असं की पाऊस मोजायच्या भांड्याची वही तपासायची. मे महिन्यात पाऊस शून्य होता की नाही याची खात्री करून सही करायची, सरकारी कामाला एवढं पुरे. सही करून एस्टीची वाट बघत उभा होतो तर रस्त्याकडेला एका ठेकेदाराची माणसं झाडं तोडत होती. त्यातल्या एकाच्या हातात आमच्यासारखीच करवत होती. बुंध्याशी वाकून त्यानं ती आडवी धरली होती, पार कुशीवर, आणि ती बिनतक्रार ओरडत होती.

तो बिडीला थांबला तसा मी पुढे झालो. "ह्याला फ्लोट कुठं असतो हो?"

त्यानं माझ्याकडे वरून खाली बघितलं. "पावणं, कोल्लापूरचं काय?"

"हो."

"तरीच. आवो, करवत आडवी हुती, उलटी हुती. वाटीतलं पेट्रोल सांडंल की समदं. फ्लोट ठेवून करतासा काय?" मग त्यानं पत्र्याच्या डब्यातून एक काळी चकती काढली, मऊ, मधोमध टिकली. "ह्यो पडदा. इंजिन दम वडतं तसा ह्यो आत-भाईर हुतो. टिकली खालचा खटका दाबती, पेट्रोल येतं. लई दिस पडून ऱ्हायली की ह्यो वाळतो. मग नवा घालायचा, झालं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आमचा कळसा तर आईनं केरात टाकला होता. वडिलांनी त्या जागी जाड कागद ठोकून बसवला होता, खालच्या खटक्याला कोण दाबणार? मी त्या माणसाला सगळी हकिगत सांगितली. तो इतका हसला की त्याची बिडी विझली. मग त्यानं डब्यातला पडदा माझ्या हातावर ठेवला आणि पैसे घेईना. "असली गोष्ट आयकवलासा, त्येच पुरं," म्हणाला.

जेवताना मी विषय काढला. "आबा, असल्या मशीनला फ्लोट नसतोच म्हणे."

"कोन म्हनतंय?"

"गगनबावड्यात एक जण भेटला. म्हणाला, ती चकती म्हणजे पॅकिंग नव्हेच."

वडिलांचा घास हातात राहिला. "तीस वर्सं पॅकिंग पाडतोय मी. आता मला कारकून शिकवणार व्हय, पॅकिंग काय असतंय? तू बॅटरी धर, तेवढी नीट धर." ते हात धुऊन उठले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. माझ्याही तोंडाची चव गेली, आणि खिशातला पडदा खिशातच राहिला.

कॉम्प्युटरनं त्यांना एकदा घरी बसवलं होतं. पोटच्या पोरानं तेच पुन्हा कसं करायचं? पण अक्कांचे धुरानं लाल झालेले डोळेही मला दिसत होते. वडिलांचा मान ठेवायचा तर पत्रा जातो आणि पत्रा वाचवायचा तर मान जातो, असं हे घोडं पेंड खात होतं. शेवटी मी कारकुनाला शोभेल असा मार्ग काढला. साहेबाची चूक साहेबाला न कळवता फाइलीत परस्पर दुरुस्त करायची.

दुसऱ्या दिवशी दांडी मारली. चार वाजता वडील चहाच्या गाड्यावर गेले आणि मी परात घेऊन बसलो. बॅटरी दातात धरली, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. वाटलं, जणू तिजोरी फोडतोय. करवतीतून कार्बोरेटर उतरवला, कागदाचं पॅकिंग काढलं, पडदा बसवला, झाकण लावलं, स्क्रू फिरवले. कार्बोरेटर जागेवर चढवला. आई दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "परात धुऊन ठेव." दोरी ओढून बघायची सोय नव्हती, आवाज चार घरं गेला असता. कागदाचं पॅकिंग शर्टाच्या खिशात टाकलं.

संध्याकाळी वडील आले आणि सवयीनं दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा करवतीनं असा काही टाहो फोडला की समोरच्या घरातलं तान्हं रडायला लागलं. वडील क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झाडाकडे बघितलं.

सकाळी गल्लीत जत्रा भरली. तालमीच्या पोरांनी वर चढून दोर बांधले आणि झाड आमच्या बाजूला ओढून धरलं. सल्ले देणाऱ्यांनी भिंतीवर जागा धरल्या. पितळेच्या फ्लोटामुळेच चालू झाली, असं एक जण सगळ्यांना पटवून देत होता. फ्लोट तेव्हा आमच्या देव्हाऱ्यात होता. वडील धोतराचा काचा मारून बुंध्याशी बसले, करवत आडवी धरली, आणि ती तशीच ओरडत राहिली जशी गगनबावड्याला ओरडत होती. जांभूळ कडाडलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि आमच्या परसात आलं. आमच्या न्हाणीघराचा कोपरा आणि कपड्यांची तार घेऊन गेलं, पण अक्कांच्या पत्र्याला पान लागलं नाही.

पोरं शिट्ट्या मारत होती. "अय्य, अण्णा!" एवढंच अक्का म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. मग भाकरीची दुरडी आणि चटणीचं पातेलं आलं आणि सगळे पाडलेल्या खोडावरच खायला बसले. मीही निवांत झालो. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली. कुणाचा मान गेला नाही, कुणाचा पत्रा गेला नाही, फाइल बंद.

तेवढ्यात वडील म्हणाले, "परात आण गं."

हातातली भाकरी मी खोडावर ठेवली. काम झालं की मशीन उघडायची, पुसायची आणि मगच झाकायची. तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता आणि मी सगळा विचार करताना नेमका तोच विसरलो होतो. "आबा, राहू दे की, उद्या पुसू," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. "बॅटरी," म्हणाले. मी बॅटरी आणली. कार्बोरेटर परातीत उतरला, भोवती गल्लीच्या माना वाकल्या. त्यांनी पहिला स्क्रू काढला, दुसरा, तिसरा. चौथा नुसत्या बोटानं निघाला. झाकण उचललं. आत त्यांच्या कागदाच्या जागी काळा पडदा होता, मधोमध टिकली.

त्यांनी अंगठ्यानं टिकली हळूच दाबली. खालचा खटका हलला. पुन्हा दाबली, पुन्हा हलला. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय मेस्त्री," भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "शेवटाला दोष काय निघाला?"

मी जमिनीकडे बघत होतो. न्हाणीघराच्या पडलेल्या कोपऱ्यात शिरता आलं तर बरं, असं वाटत होतं.

"पॅकिंग चुकलं हुतं," वडील म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, एक-एक शब्द सोडवून म्हणाले, "माझं."

चुकलं हा शब्द मेस्त्रींच्या तोंडून त्यापूर्वी कुणी ऐकला नव्हता. वडिलांनी पडदा फडक्यानं पुसला, जागेवर ठेवला, झाकण लावलं, तीन स्क्रू आवळले आणि चौथ्यापाशी थांबले.

"ह्यो आवळला न्हवतास," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चालत्या मशीनमधनं पडला असता." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात पसरला. "आन ती बॅटरी हिकडं. मी धरतो."